काउंटरच्या आतली बाजू

१६ जुलै २००१, सोमवारची रात्र. बीबीसी टू वाहिनीवर आदल्याच आठवड्यात सुरू झालेल्या एका मालिकेचा दुसरा भाग लागला होता. स्लाऊ नावाचं लंडनजवळचं गाव आणि तिथली कागद विकणारी एक कंपनी. शाखेचा साहेब डेव्हिड ब्रेंट. त्याचा चेहरा कुणीतरी एका अश्लील फोटोवर चिकटवला आहे आणि तो फोटो ईमेलवरून टेबलाटेबलावर फिरतो आहे. साहेब चौकशी बसवतो. धागा जातो त्याच्याच दोस्ताकडे, फिरत्या विक्रीवर असलेल्या ख्रिस फिंचकडे. हेड ऑफिसहून आलेली वरिष्ठ बाई, जेनिफर, सांगते की त्याला कामावरून काढ. ब्रेंट तिच्यासमोर फोन उचलतो, आवाज कडक करतो आणि फिंचला झापून नोकरीवरून काढून टाकतो. मग कळतं की पलीकडे फिंच नाहीच. ब्रेंटने वेळ सांगणाऱ्या यंत्राला फोन लावला होता आणि तो आवाज शांतपणे किती वाजले ते सांगत होता.

'द ऑफिस' या मालिकेतला हा प्रसंग ज्याने कधीही कचेरीत नोकरी केली आहे त्याच्या पोटात ढवळून आणतो. हसू येतं, पण त्याआधी अंग चोरावंसं वाटतं. असा साहेब आपण पाहिलेला असतो. मित्राला दुखवायचं नाही, वरिष्ठांना नाही म्हणायचं नाही, हाताखालच्या लोकांत लोकप्रियही राहायचं, आणि या तिन्ही गोष्टी एकाच फोनवर साधायच्या, अशी त्याची धडपड. शिवाय पहिल्या भागात जेनिफरने सांगून ठेवलेलं असतं की स्लाऊ आणि स्विंडन या दोन शाखांपैकी एक बंद होणार आहे. त्यामुळे दुसऱ्या भागातल्या सगळ्या फजितीखाली एक भीती सतत वाहत राहते. ऑफिसातला प्रत्येक जण हसतो आहे आणि आपली खुर्ची राहील का, याचा हिशेबही करतो आहे.

मालिकेचा पहिला भाग ओळखीपाळखीचा असतो. कोण कुठे बसतो, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सांगण्यातच तो संपतो. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या भागात असते, कारण तिथे लेखकाला ही माणसं आतून माहीत आहेत की नाहीत ते उघड होतं. 'द ऑफिस'चे लेखक या परीक्षेत उतरले. ते कसे उतरले, याचं निम्मं उत्तर मला मी राहतो त्या शहरात, कॉव्हेंट्रीत सापडतं.

मालिकेचे लेखक-दिग्दर्शक दोघे, रिकी गर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट. मर्चंट मूळचे ब्रिस्टलचे, जन्म १९७४चा. पदवीसाठी ते वॉरिक विद्यापीठात आले आणि त्यांनी चित्रपट व साहित्य हा विषय घेतला. या विद्यापीठाच्या नावामुळे आपल्याकडच्या पालकांचा फार गोंधळ होतो. ते वॉरिक गावात नाही. १९६५ साली सनद मिळालेलं हे विद्यापीठ कॉव्हेंट्रीच्या नैर्ऋत्य कडेला आहे आणि त्याचा टपालाचा पत्ताही कॉव्हेंट्रीचाच. काचेच्या आणि काँक्रीटच्या इमारती, मधे तळी, तळ्याकाठी बदकं, आणि वर्षातले निम्मे महिने अंगावर येणारा वारा. इथल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओ केंद्रावर मर्चंट 'द स्टीव्ह शो' नावाचा कार्यक्रम करत. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या केंद्रावर चुकायला भरपूर जागा असते. कॉलेजच्या एकांकिकांनी मराठी रंगभूमीला जे दिलं, ते इंग्लंडात बऱ्याच अंशी अशा रेडिओ केंद्रांनी आणि विद्यापीठांच्या नाट्यमंडळांनी दिलं.

पुढे १९९७ साली लंडनच्या एक्सएफएम या रेडिओ केंद्रावर गर्व्हेस यांना सहायक हवा होता. हाताला लागलेला पहिलाच अर्ज मर्चंट यांचा होता, असं गर्व्हेस यांनी अनेकदा सांगितलं आहे. १९६१ साली जन्मलेले गर्व्हेस मर्चंटपेक्षा तेरा वर्षांनी मोठे. तोवर त्यांनी लंडन विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या कचेरीत अनेक वर्षं नोकरी केली होती. सभागृहं, कार्यक्रम, बिलं, मीटिंगा. ब्रेंट तिथे घडत होता. मर्चंट यांना नंतर बीबीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं गेलं आणि १९९८मध्ये सरावाची एक छोटी फिल्म करण्यासाठी कॅमेऱ्याची टोळी मिळाली. त्यांनी गर्व्हेसना समोर उभं केलं आणि ते एरवी गप्पांत करून दाखवत तो ओंगळ साहेब चित्रित केला. ती फिल्म बीबीसीच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. प्रशिक्षणाच्या गृहपाठातून ही मालिका निघाली, हे मला फार मोलाचं वाटतं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने नवशिक्याच्या हाती एक दिवसाचा कॅमेरा दिला आणि नंतर त्याच दोन नवख्या माणसांना स्वतःची मालिका स्वतःच दिग्दर्शित करू दिली.

मालिकेचं रूपही त्या काळातून आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश टीव्हीवर साध्या माणसांच्या कामाच्या जागी कॅमेरा नेण्याची लाट होती. विमानतळ, हॉटेल, जहाज, गाडी शिकवणारी शाळा. १९९७ साली 'ड्रायव्हिंग स्कूल' या माहितीपटाच्या मालिकेने अफाट प्रेक्षक खेचले. कॅमेरा समोर आला की साधी माणसं कशी बदलतात, थोडी जास्त शहाणी, थोडी जास्त उदार कशी होऊ बघतात, हे देशाने पाहिलं होतं. गर्व्हेस-मर्चंट यांनी तेच रूप उचललं. हातातला हलता कॅमेरा, मधूनच एकेकाशी मुलाखत, आणि पार्श्वभूमीला हसण्याचा आवाज नाही. प्रेक्षकाने कुठे हसायचं हे कुणी सांगत नाही. मार्टिन फ्रीमनने केलेला कचेरीतला टिम कॅमेऱ्याकडे नुसतं बघतो आणि आपण त्याच्या बाजूचे होतो.

मालिकेच्या इतर मंडळींतही काही आपल्या ओळखीचे आणि काही इथल्या शेजारचे आहेत. रिसेप्शनवरची डॉन करणारी लुसी डेव्हिस कॉव्हेंट्रीशेजारच्या सॉलिहलची, जॅस्पर कॅरट या बर्मिंगहॅमच्या गाजलेल्या विनोदी कलाकाराची मुलगी. कार्यकारी निर्मात्यांत अनिल गुप्ता होते. 'गुडनेस ग्रेशस मी' हा ब्रिटनमधल्या भारतीयांचा कार्यक्रम त्यांचाच, १९९८ साली टीव्हीवर आलेला. निर्माता ॲश अटाला यांचा जन्म इजिप्तमधला आणि ते व्हीलचेअर वापरतात. दुसऱ्या पर्वात आग लागल्यावर काय करायचं याचा सराव चालू असताना ब्रेंट आणि त्याच्या कचेरीतला गॅरेथ व्हीलचेअरवरच्या सहकारी स्त्रीला जिन्यात अर्ध्यावर ठेवून निघून जातात. तो प्रसंग क्रूर आहे, पण खरा आहे. मदत करण्याचा आव आणणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय, हे ती मालिका बनवणाऱ्यांना बाहेरून कळलेलं नव्हतं. त्यांच्यातला एक जण ते आयुष्यभर आतून पाहत होता.

इथे जरा कॉव्हेंट्री शहराबद्दल सांगायला हवं. काम हाच या गावाचा इतिहास आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथे रेशमी फितींचे माग होते आणि घड्याळांचे कारखाने होते. १८६०मध्ये फ्रान्सशी झालेल्या व्यापारी करारानंतर फितींचा धंदा बसला. मग शिलाई यंत्रं आली, त्यातून सायकली आल्या. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांनी इथे बनवलेली 'रोव्हर सेफ्टी' ही सायकल म्हणजे आजच्या सायकलीची आई. १८९६ला डेमलरचा मोटारींचा कारखाना आला. विसाव्या शतकात जॅग्वार, स्टँडर्ड-ट्रायम्फ, आल्फ्रेड हर्बर्टची यंत्रं, जीईसीचे टेलिफोन. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी हे गाव भाजून काढलं, तेही इथल्या कारखान्यांमुळे. त्याआधी दोन वर्षं, १९३८ साली, ब्रिटनमधली पहिली भारतीय कामगार संघटना, इंडियन वर्कर्स असोसिएशन, याच गावात पंजाबी कामगारांनी उभी केली होती. उधमसिंगांचं नावही तिच्याशी जोडलं जातं.

वॉरिक विद्यापीठातच ई. पी. थॉम्पसन हे इतिहासकार १९६५ ते १९७१ शिकवत होते. इंग्रज कामगारवर्ग कसा घडला यावरचा त्यांचा ग्रंथ जगभर वाचला जातो. १९६७ साली त्यांनी घड्याळाची वेळ आणि कामाची शिस्त यांच्या नात्यावर एक निबंध लिहिला. काम संपेपर्यंत काम करणारा माणूस घंटा वाजेपर्यंत काम करणारा कसा झाला, वेळ ही मालकाने विकत घेतलेली वस्तू कशी झाली, हे त्यात आहे. तो वाचून पुन्हा 'द ऑफिस' पाहिलं की कळतं, त्या कचेरीत काम जवळजवळ कुणीच करताना दिसत नाही. सगळे वेळ भरतात. टिम सहकाऱ्याचं स्टेपलर जेलीत बुडवून ठेवतो, तेही पाच वाजेपर्यंतचा वेळ जावा म्हणून. १९७० साली विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कचेरीचा ताबा घेतला तेव्हा तिथल्या फायलींतून उद्योगपतींचा विद्यापीठावरचा प्रभाव बाहेर आला. त्यावर थॉम्पसन यांनी एक पुस्तक संपादित केलं, 'वॉरिक युनिव्हर्सिटी लिमिटेड' नावाचं. पुढच्याच वर्षी त्यांनी विद्यापीठ सोडलं. फायली आणि टेबलं यांत माणसांचं किती काय दडलेलं असतं, हे या आवारात तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे.

आणि शाखा बंद होण्याची भीती? ती कॉव्हेंट्रीत नाटकातली नव्हती. जॅग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्यातली मोटारींची जुळणी २००५मध्ये थांबली. प्यूजोचा रायटनचा कारखाना २००६च्या डिसेंबरात बंद पडला, तेवीसशे नोकऱ्या गेल्या. 'द ऑफिस' जेव्हा लागत होती तेव्हा या गावातल्या कितीतरी घरांत रात्री जेवताना हाच विषय असणार. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी खुद्द ब्रेंटचीच नोकरी जाते आणि इतका वेळ ज्याला हसलो तो माणूस 'मला काढू नका' म्हणून गयावया करतो. त्या क्षणी प्रेक्षकाला आपण हसलो त्याची लाज वाटते. विनोदी मालिकेत असा क्षण लिहायला धैर्य लागतं, आणि लेखकाच्या मनात त्या माणसाबद्दल करुणा असावी लागते.

गंमत अशी की याच गावाने घरातल्या विनोदाचीही एक गाजलेली मालिका पाहिली आहे. १९९० ते १९९५ चाललेल्या 'कीपिंग अप अपिअरन्सेस'चं बाहेरचं चित्रीकरण इथे झालं. दिखाऊ नायिका हायसिंथचं घर शहराबाहेरच्या बिन्ली वूड्समध्ये, आणि तिच्या गबाळ्या बहिणीचं घर स्टोक ऑल्डरमूरच्या कौन्सिलच्या वसाहतीत. बीबीसीने परदेशांत सर्वाधिक विकलेल्या मालिकांत तिचं नाव घेतलं जातं. मला ती आवडते. पण ती मालिका मराठी प्रेक्षकाला नवीन काही शिकवत नाही. घरातला विनोद आपल्याला येतो.

आपल्याला येत नाही तो ऑफिसातला विनोद. म्हणजे मराठी माणसाला येतो, मराठी टीव्हीला येत नाही.

२००१ हेच वर्ष घ्या. त्याच वर्षी सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' सुरू झाली. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल सरकारी कचेरीत एका कामासाठी जातो आणि टेबलामागून टेबलं हिंडतो. आसावरी जोशी यांची उषाजी, देवेन भोजानी, संजय मिश्रा, मनोज पाहवा. काय सुंदर कामं होती ती! त्याच वर्षी 'येस मिनिस्टर'वरून केलेली 'जी मंत्रीजी'ही आली, फारुख शेख यांची. पण 'ऑफिस ऑफिस'चा कॅमेरा कुठे होता ते पाहा. तो काउंटरच्या बाहेर, रांगेत, मुसद्दीलालच्या खांद्यामागे उभा होता. आतले सगळे एकजात लबाड, आळशी, लाचखाऊ. रांगेतल्या माणसाचा तो राग खरा आहे आणि तो आपल्या साहित्यातही मुरलेला आहे. पण आत बसलेल्या बाईलाही घरी जायचं असतं, तिच्याही डोक्यावर बदलीची तलवार असते, तिचाही साहेब तिला मूर्ख वाटतो, हे त्या मालिकेला सांगायचंच नव्हतं. त्याच वर्षी इंग्लंडातला कॅमेरा काउंटरच्या आत शिरून टेबलाला टेबल लावून बसला होता.

यावर कुणी म्हणेल, मराठीत कारकून काय कमी झाले? चिं. वि. जोशींचे चिमणराव कारकूनच, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले. पुलंच्या 'असा मी असामी'चा नायकही इंग्रजी नावाच्या कंपनीतला कारकून. पण ही मंडळी आपल्याला आठवतात ती घरातली, चाळीतली, प्रवासातली. ऑफिस हे त्यांच्या दिवसातलं एक वाक्य असतं. पुलंचा बीबीसीशी संबंध तर थेट होता. दूरदर्शन सुरू होण्याच्या सुमारास ते टीव्हीच्या तंत्राचं शिक्षण घ्यायला लंडनला बीबीसीत गेले होते, 'अपूर्वाई'चा जन्म त्याच प्रवासातला, आणि परतल्यावर ते दूरदर्शनच्या पहिल्या निर्मात्यांपैकी एक झाले. म्हणजे ब्रिटिश टीव्हीची शाळा मराठी विनोदाने इतर कुणाआधी पाहिली. त्या शाळेतून आपण पुढे काय आणलं, हा प्रश्न मी मराठी टीव्हीवर काम करणाऱ्या सगळ्यांना विचारू इच्छितो.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. रमेश इंगळे उत्रादकरांच्या 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीने साक्षरता मोहिमेच्या सरकारी यंत्रणेचं आतून जे दर्शन घडवलं, ते मराठीतलं या जातीचं सर्वांत भक्कम काम आहे असं माझं मत आहे. २०२३च्या जानेवारीत सोनी मराठीवर 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' ही मालिका आली, मकरंद अनासपुरे आणि 'हास्यजत्रे'तली गुणी मंडळी घेऊन. नावातच कामाची जागा असलेली मराठी विनोदी मालिका! तिचं स्वागत करायला हवं होतं, तिला वेळ द्यायला हवा होता. ती फार काळ टिकली नाही. आपली वाहिन्यांची घडी अशी आहे की आठवड्याला भागांमागून भाग पाडायचे, आणि गुरुवारी आकडे आले की त्यावर पुढचं ठरवायचं. या घडीत घराचा एक सेट उभारून वर्षानुवर्षं चालवणं सोपं पडतं. कचेरीतली दहा माणसं हळूहळू ओळखीची व्हावीत, इतकी सवड त्यात नाही.

याउलट 'द ऑफिस' एकूण किती? पहिल्या पर्वाचे सहा भाग, २००२च्या सप्टेंबर अखेरीला सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वाचे सहा, आणि २००३च्या नाताळातले दोन. आपल्या रोजच्या मालिकेच्या हिशेबात हा महिनाभराचाही ऐवज होत नाही. सगळे भाग दोघांनी बसून लिहिले. पहिल्या आठवड्यांत प्रेक्षक फार नव्हते. भर जुलैत, लोक सुट्टीवर असताना ती लागली होती. बीबीसीने ती काढली नाही. पुन्हा दाखवली, लोकांनी एकमेकांना सांगितलं, २००२ साली बाफ्ता मिळालं आणि २००४च्या जानेवारीत सर्वोत्तम विनोदी मालिकेचा गोल्डन ग्लोबही.

अमेरिकेत तिचं रूपांतर झालं तेव्हा दुसऱ्या भागाचं महत्त्व पुन्हा सिद्ध झालं. २४ मार्च २००५ला लागलेला पहिला भाग ब्रिटिश संहितेची जवळजवळ नक्कल होता आणि तो कोरडा वाटला. पाचच दिवसांनी दुसरा भाग आला, 'डायव्हर्सिटी डे', आणि त्यात अमेरिकेचं स्वतःचं दुखणं होतं. वंशभेदावर प्रशिक्षण द्यायला आलेल्या माणसाला बाजूला सारून साहेब मायकल स्वतःच वर्ग घेतो, प्रत्येकाच्या कपाळावर एकेका वंशाचं नाव चिकटवतो आणि भारतीय दुकानदाराची नक्कल करत केली कपूरसमोर उभा राहतो. ती त्याच्या थोबाडीत मारते. केलीचं काम करणाऱ्या मिंडी केलिंग याच मालिकेच्या लेखकांपैकी एक. भाग लिहिणारे बी. जे. नोवाक हेही मालिकेत नट. लिहिणारे आणि टेबलावर बसणारे एकच होते. त्या आठवड्यात प्रेक्षक जवळजवळ निम्म्यावर आले तरी वाहिनीने हात सोडला नाही, आणि मालिका २०१३पर्यंत, दोनशे एक भाग चालली. आपल्याकडे २०१९ साली हॉटस्टारवर फरिदाबादची कचेरी घेऊन हिंदी आवृत्ती आली. गोपाल दत्त यांचं काम त्यात सुरेख होतं, पण बरेचसे प्रसंग मूळ इंग्रजीच्या मापाचेच राहिले.

आता कॉव्हेंट्रीतल्या मराठी माणसांकडे येऊ, कारण माझ्या मते या गोष्टीचा पुढचा भाग त्यांच्याकडे आहे. टाटा मोटर्सने २००५मध्येच आपलं युरोपीय तंत्रकेंद्र वॉरिक विद्यापीठाच्या आवारात थाटलं. त्याला कारण कुमार भट्टाचार्य. त्यांनी १९८० साली तिथे उद्योगांशी जोडलेला वॉरिक मॅन्युफॅक्चरिंग ग्रुप सुरू केला होता. २ जून २००८ला टाटांनी फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली. तेव्हापासून पिंपरी-चिंचवड आणि कॉव्हेंट्री यांच्यात माणसांची ये-जा सुरू झाली, ती चालूच आहे. व्हिटलीतलं कंपनीचं मुख्यालय, गेडनचं केंद्र, विद्यापीठातली प्रयोगशाळा, शिवाय या सगळ्यांना सॉफ्टवेअर आणि आराखडे पुरवणाऱ्या कंपन्या. पुण्याच्या सीओईपीतून, सांगलीच्या वालचंदमधून, औरंगाबाद-नाशिकच्या कॉलेजांतून निघालेले इंजिनिअर इथे टेबलावर बसलेले असतात. त्यांच्या घरात गणपती बसतो, दिवाळीत चकलीचा घाणा निघतो.

त्यांचा कामाचा दिवस पाहा. उन्हाळ्यात पुण्याशी साडेचार तासांचा फरक, हिवाळ्यात साडेपाच. इथला सकाळचा कॉल म्हणजे तिथलं दुपारचं जेवण, आणि इथल्या साहेबाला सुचलेली संध्याकाळची कल्पना म्हणजे तिथल्या कुणाची तरी रात्रीची झोप. स्क्रीनवर बारा चौकोन, त्यातला एक इंग्रज हवामानावर बोलतो आहे, एक बर्मिंगहॅमकडच्या ब्रमी बोलीतून इतकं भराभर बोलतो आहे की अर्ध्या चौकोनांना काही कळलेलं नाही, पण सगळे मान हलवताहेत. पुण्याहून ऑनसाइट आलेला आणि इथेच नेमलेला यांच्यातली अबोल तेढ. 'सर' म्हणण्याची सवय सुटत नाही आणि समोरच्याला 'डेव्ह' म्हणताना जीभ अडखळते. अप्रेझलच्या फॉर्मवर स्वतःची स्तुती लिहायची वेळ आली की संस्कार आडवे येतात. कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करताना लसणाचा वास मजलाभर पसरला म्हणून कुणी काही बोलत नाही, आणि न बोलणंच ऐकू येतं.

आणि या सगळ्याखाली तीच भीती, फक्त तिचा कागद वेगळा. कुशल कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. त्यात मुलांची शाळा, भाड्याचं घर, गाडीचा हप्ता आणि गावाकडे 'इंग्लंडला असतो' म्हणून सांगणारे आई-वडील, सगळं बसवायचं. २०२५च्या सप्टेंबरात सायबर हल्ल्यामुळे जॅग्वार लँड रोव्हरचे कारखाने अनेक आठवडे बंद राहिले आणि मिडलंड्समधल्या छोट्या पुरवठादार कंपन्यांवर माणसं घरी बसवण्याची पाळी आली. ब्रेंटच्या कचेरीत शाखा बंद होण्याची बातमी पसरते तेव्हा जे चेहरे होतात, ते तेव्हा इथे रस्त्यात दिसत होते.

या माणसांवर मराठीत मालिका नाही. चाकणच्या सेकंड शिफ्टवर नाही, हिंजवडीच्या बेंचवर बसवलेल्या पोरीवर नाही, मंत्रालयातल्या त्या अवर सचिवावर नाही ज्याला तीन सरकारांत तेच टिपण तीनदा वेगळ्या भाषेत लिहावं लागलं. जिल्हा बँक, एसटीचा डेपो, तालुक्याचं तहसील, खासगी शाळेची स्टाफरूम. प्रत्येक मराठी घरात संध्याकाळी चहा पिताना ऑफिसची जी नक्कल होते, साहेबाचा आवाज काढला जातो, ती दर्जेदार असते. मी अशा नकला ऐकून पोट धरून हसलो आहे. ती टीव्हीपर्यंत पोहोचत नाही, कारण आपल्याकडे मालिका लिहिणारे फार क्वचित नोकरीतून आलेले असतात आणि नोकरी करणाऱ्याला आपण लिहू शकतो असं कुणी सांगितलेलं नसतं.

सप्टेंबर २०२५मध्ये 'द ऑफिस'च्याच कुळातली 'द पेपर' ही नवी अमेरिकन मालिका आली, ओहायो राज्यातल्या एका मरणपंथाला लागलेल्या वर्तमानपत्रावर. तिचे दहाही भाग एकाच दिवशी उपलब्ध झाले. आता दुसऱ्या भागाची आठवडाभर वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे त्याची परीक्षा आणखी कडक झाली आहे. पहिला भाग संपल्यावर पाच सेकंदांत प्रेक्षक ठरवतो.

म्हणून माझी मराठी वाहिन्यांना आणि ओटीटीवाल्यांना कळकळीची विनंती आहे. सहाच भागांची एक मालिका काढा. ज्यांनी किमान पाच वर्षं कुठल्यातरी कचेरीत, बँकेत, कारखान्यात हजेरी लावली आहे अशा दोघांकडून ती लिहून घ्या. चित्रीकरणाआधी सहाही भाग लिहून पूर्ण होऊ द्या, लेखकांना सेटवर बसू द्या आणि सहावा भाग लागेपर्यंत आकड्यांकडे पाहू नका. आणि वाचकहो, तुमच्यापैकी जे उद्या सकाळी पंच करून आपल्या टेबलावर बसणार आहेत, त्यांनी संध्याकाळी घरी सांगता ते प्रसंग आज रात्रीपासून वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकांना विनोदी कथा हव्याच आहेत, तिथून सुरुवात करता येईल.